पळसगढीचं खग्रास ग्रहण

३ नोव्हेंबर, सोमवार. पहाटे ५

आजपासून रोजनिशी. प्रमाण भाषेत. संशोधकाने घरातल्या बोलीत लिहिलं की पुण्याचे लोक हसतात. हसू देत, पण निदान तेवढं कारण त्यांना माझ्याकडून मिळणार नाही.

विषय पक्का: पळसगढीचा मध्ययुगीन इतिहास. दर्यापूर तालुक्यातलं एवढं जुनं गाव, मधोमध गढी, आणि कुठल्याही पुस्तकात आमच्यावर एक ओळ नाही. अचलपूरवर लिहितात, नरनाळ्यावर लिहितात, गाविलगडावर तर ढीगभर. मधली तीनशे वर्षं आम्ही काय झोपलो होतो?

काल ग्रामपंचायतीत सरपंच ज्योत्स्नाताईंनी सांगितलं की फाट्यावर कमान मंजूर झाली. नाव कोणाचं द्यायचं ते २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठरेल. मी तिथल्या तिथे उठून नाव दिलं. सरदार रणधीर, पळसगढीचा किल्लेदार. ताई म्हणाल्या, काका, पुरावा आणा, एखाद्या जाणकाराचं पत्र आणा, मग सभेपुढं ठेवू.

पुरावा आहे. नोकरीपायी चाळीस वर्षं गावाबाहेर होतो. रिटायर होऊन परत आलो तेव्हापासून ऐकतो आहे, कोणी जास्त छाती काढून चालला की गाव म्हणतं, 'मोठा रणधीर लागून गेला.' मोतीराम तर आपल्या गोऱ्ह्यालाही म्हणतो, 'थांब बे रणधीरा.' नाव असं उगीच लोकांच्या तोंडात बसत नाही. माणूस होऊन गेलेला आहे.

संकल्प: रोज पहाटे पाच. रोज दोन पानं. चहा एकदाच. कमानीखाली संगमरवरी पाटी, 'संशोधक: उत्तमराव अढाऊ'. वीज खात्यात तक्रार खिडकीवर तीस वर्षं बसलो, लोकांना माझं नाव शिव्या देण्यापुरतं माहीत होतं. आता दगडावर वाचतील.

सकाळी ९.४०

पुन्हा डोळा लागला होता. संकल्प उद्यापासून.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला साक्षीदार, मोतीराम. वय ऐंशीच्या घरात, कान ठीक, दात नाहीत.

विचारलं, सरदार रणधीर माहीत आहे का. म्हणे, 'माहीत म्हंजे? डोयानं पाह्यला म्या.'

मी चकित झालो नाही. मौखिक परंपरेत सांगणारा स्वतःलाच घटनेत ओढून घेतो. आजोबानं ऐकलेलं नातू पाहिलं म्हणून सांगतो. हे शास्त्र आहे, कोणालाही विचारा.

रणधीर उंच होता. आवाज असा की नदीच्या पलीकडे ऐकू जावा. बारीक कंबर, डोक्यावर तुरा. एवढं झाल्यावर मोतीराम भरकटायला लागला, 'ते आपले शाळेतले गुरुजी होते नं...' मी लगेच थांबवलं. साक्षीदाराला मोकळं सोडायचं नसतं. खिडकीवर हेच शिकलो. माणसाला बोलू दिलं की तो लाईटपासून सुरू होतो आणि जावयावर जातो. मुद्द्याचं तेवढं विचारायचं आणि 'पुढचे' म्हणायचं.

निघताना म्हणाला, 'तुह्या रामरावाले विचार, त्याले सारं माहीत हाये.'

रामराव म्हणजे माझा मोठा भाऊ, दादा. भिंतीपलीकडे राहतो. त्याला मी विचारणार नाही. लहानपणापासून त्याने माझ्या प्रत्येक कामाची टिंगल केली आहे. आजही ओट्यावर बसला होता. 'काय राजेहो, सापडला का सरदार?' म्हणाला, आणि हात नाकापुढे धरून मोठ्याने हलवला. याचा अर्थ काय ते त्यालाच माहीत. वय झालं.

बायको, आशाबाई, म्हणाली, विचारून तर पाहा भाऊजीले. मी म्हणालो, तू माहेरची तिवश्याची, तुला ह्या गावातलं काय कळतं. रात्री भाजी अळणी होती.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वरच्या आळीतल्या द्वारकाबाईंची साक्ष झाली. महत्त्वाचा तपशील मिळाला.

लढाई ऐन रंगात असताना रणधीरची मिशी गळून पडली. त्याने ती उचलली, जागेवर लावली आणि पुन्हा लढायला लागला. सांगताना म्हातारी हसत होती, पदर तोंडाला लावून. वयोमानाने होतं तसं.

आता इथे सामान्य माणूस फसला असता. संशोधक फसत नाही. मिशी म्हणजे इज्जत. मिशी पडली म्हणजे पहिल्या चढाईत पराभव झाला. उचलून लावली म्हणजे फौज गोळा करून पुन्हा उठाव केला. लोकस्मृतीने एवढा मोठा रणसंग्राम एका मिशीत साठवून ठेवला. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला.

दोन पानांचा संकल्प होता. अर्धं पान झालं. पण दर्जाचं झालं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे सापडलं त्याने माझं पुढचं सारं आयुष्य बदलणार आहे, म्हणून चहा दोनदा घेतला.

द्वारकाबाई म्हणाली, 'हत्ती तं तुमच्याच घरचा होता.'

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. 'अढाऊच्या घरचा. वेशीपाशी मधातून फाटला, पुढचा इकडं गेला अन् मागचा तिकडं. लोकं हसू हसू लोयले.'

फाटला म्हणजे गजदळाच्या दोन फळ्या झाल्या. एक डावीकडून, एक उजवीकडून. शत्रूला कात्रीत धरलं. नकाशा काढला आहे. हसले ते अर्थात विजयाने.

पण खरी गोष्ट ती नाही. हत्ती आमच्या घरचा. त्या काळी हत्ती कोणाच्या दारात असे? सरदाराच्या. आज आमच्या एका म्हशीला कडबा पुरत नाही आणि एके काळी आमच्या अंगणात हत्ती झुलत होता. म्हणजे रणधीर हा अढाऊच. मी त्याचा थेट वंशज. मला पहिल्यापासून आतून वाटतच होतं. खिडकीवर बसून लोकांशी जो आवाज काढायचो तो कारकुनाचा नव्हताच.

निबंधात एक ओळ वाढवली: 'प्रस्तुत लेखक हा सरदारांच्या घराण्यातील असून...'

दादाला हे सांगावं असं क्षणभर वाटलं. तोही वंशजच आहे. मग ठरवलं, पाटी लागल्यावरच वाचेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काळ ठरला.

मोतीराम म्हणाला की रणधीर शेवटचं बोलत असताना एकदम अंधार पडला. पार काळोख. बायका घाबरल्या, लेकरं रडली. थोड्या वेळानं पुन्हा उजेड आला.

दिवसाढवळ्या अंधार कधी पडतो? खग्रास सूर्यग्रहणात. तवारीख नको, शिलालेख नको, ग्रहण सापडलं की तारीख सापडली. मोबाईलवर ग्रहणांची यादी काढली. तीन शतकांत इतकी ग्रहणं की डोकं गरगरलं. यादवांच्या काळातलं घेतलं तर तोफ बसत नाही, आणि मोतीराम म्हणतो तोफेचा बार झाला होता, जरा उशिरा झाला पण झाला. म्हणून वऱ्हाडच्या इमादशाहीच्या, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या काळातलं एक सोयीचं ग्रहण निवडलं. ते वऱ्हाडात दिसलं की नाही हा तपशील पुढच्या संशोधकांनी पाहावा. सगळंच मी करायचं का?

मोतीराम पुढे असंही म्हणाला की 'मंग गॅसबत्ती आणली'. इमादशाहीत गॅसबत्ती नव्हती. हा भाग नंतर कोणीतरी घुसडलेला, प्रक्षिप्त. निर्दयपणे काढून टाकला. भावनेच्या आहारी जाणारा मी नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

एक अडचण आली होती, सोडवली.

मोतीराम म्हणतो, रणधीर मेला. द्वारकाबाई म्हणते, मेला, मग उठला, आणि पुन्हा मेला. लोकांनीच त्याला पुन्हा मरायला लावलं म्हणे.

एक माणूस दोनदा मरत नाही. म्हणजे माणसं दोन. रणधीर पहिला आणि त्याचा नातू रणधीर दुसरा. दुसऱ्याला रयतेने आग्रहाने गादीवर बसवलं आणि तोही धारातीर्थी पडला. वंशावळ तयार आहे. मधला मुलगा कोण ते रिकामं ठेवलं आहे, पेन्सिलीने 'बहुधा उत्तमराव' असं लिहिलं आहे.

आशाबाईने वंशावळ पाहिली. डाळीतले खडे वेचत राहिली. असं न बोलणं मला मुळीच आवडत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

अमरावतीला जाऊन आलो. दर्यापूरपर्यंत काळीपिवळी जीपमध्ये गुडघे छातीला लावून, पुढे एसटी.

जाणकाराचं पत्र पाहिजे ना, तर जाणकार आमच्याच गावची निघाली. डॉ. प्रियदर्शनी डोंगरदिवे. तिथल्या एका कॉलेजात मध्ययुगीन इतिहास शिकवते. गावाच्या खालच्या अंगाला, विहाराजवळ ज्यांची घरं आहेत त्या पुंजाजी डोंगरदिवेची मुलगी. पुंजाजी नोकरीच्या निमित्ताने अकोल्याला गेला तो तिकडेच राहिला. दादाच्या वर्गातला. मला चेहराही आठवत नाही.

कॉलेजात शिपाई म्हणाला, मॅडम आज नाहीत. न कळवता गैरहजर. एवढ्या लांबून माणूस निबंध घेऊन येतो, याची काही किंमत नाही.

घरी येऊन तणतणलो. आशाबाईने विचारलं, आज तारीख काय? सांगितलं, सहा डिसेंबर. म्हणे, 'मंग कशी भेटंल ते तुमाले आज? आपल्या गावातूनच दोन गाड्या गेल्या मुंबईले. तुमी पाह्यल्या नाईत?'

पाहिल्या होत्या. कुठे चालल्या ते विचारलं नव्हतं. पण हे मला सकाळी सांगायला पाहिजे होतं. चूक तिची.

१० डिसेंबर, बुधवार

भेट झाली. निराशा झाली. माझी नाही, तिच्याकडून.

पोरगी हुशार आहे, नम्र आहे, चहा दिला. निबंध सगळा वाचला. मिशीपाशी आली तेव्हा तिने ओठ दाबून धरले. हत्तीपाशी रुमाल काढला. ग्रहणापाशी उठून खिडकीजवळ जाऊन उभी राहिली. मला वाटलं, भारावली.

मग विचारलं, काका, किती लोकांशी बोललात? सांगितलं. म्हणाली, हे सगळे वरच्या आळीतले. खालच्या अंगाला गेलात का?

मी म्हणालो, गरज पडली नाही. सरदार वरच्या आळीतला होता.

'हे आधी ठरवलं की नंतर सापडलं?' असं विचारलं तिने. अगदी शांतपणे. मला उत्तर येत होतं, पण दिलं नाही.

मग म्हणाली, मध्ययुगात होऊन गेलेला माणूस वेगळा, आणि मध्ययुग असं असेल असं समजून पुढच्या लोकांनी उभा केलेला माणूस वेगळा. अभ्यास दोघांचाही होतो काका, दुसऱ्याचाही फार छान होतो, पण आपल्या हाती कोणता लागला ते आधी पाहावं लागतं. एकदा अकोल्याला जाऊन माझ्या बाबांना भेटा. मग पत्राचं बघू. नंबर दिला.

म्हणजे पत्र नाही. इतिहासाच्या डॉक्टरला गॅसबत्ती मी काढून टाकली होती हे दिसलं नाही. स्वतःच्या गावात एवढा सरदार निघाला आणि तो तिला सापडला नाही, मला सापडला, हा जळफळाट मी समजू शकतो. नोंद करून ठेवतो: मी वाकणार नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

खालच्या अंगाला जाणार होतो. ऊन होतं.

२२ डिसेंबर, सोमवार

खालच्या अंगाला जाणार होतो. ढग होते. शिवाय चपलेचा अंगठा तुटला.

२७ डिसेंबर, शनिवार

अकोल्याला जाणार होतो. घरी कापूस वेचायला बाया आल्या. मी कापूस वेचत नाही, पण घरात माणूस असलेला बरा. आशाबाई म्हणाली, जा खुशाल, तुमचं काईच काम नाई. म्हणून मुद्दाम थांबलो.

पुंजाजीला फोन लावणार होतो. मग विचार केला, तो काय सांगणार? सरदारांच्या घराण्याबद्दल बाहेरच्या माणसाने सांगावं आणि वंशजाने ऐकावं?

२ जानेवारी, शुक्रवार

पत्राशिवाय सभेला जाणार. ठरलं. मोठ्या कामांना पत्रं लागत नाहीत.

आज शेवटचा आणि सगळ्यात भक्कम पुरावा हाती आला. रणधीरचे अखेरचे शब्द. मोतीरामने सांगितले, द्वारकाबाईने सांगितले, पारावर बसणाऱ्या आणखी एका म्हाताऱ्याने सांगितले. तिघांना वेगवेगळं गाठलं. तिघांचं वाक्य एकच, एका शब्दाचा फरक नाही:

'हे दार माझे नाही, हे दार साऱ्या गावाचे आहे. ज्याने ते कोणासाठी बंद केले, त्यानेच आता उघडावे!'

तीन साक्षी, पाचशे वर्षं, आणि शब्द जसेच्या तसे. जगात कुठे असं झालं असेल तर दाखवा. आणि भाषा पाहा. एरवी 'म्या' आणि 'तुह्या' करणारा मोतीराम हे वाक्य आलं की पाठ ताठ करतो आणि अस्खलित प्रमाण मराठी बोलतो. म्हणजे इमादशाहीत पळसगढीचे लोक प्रमाण मराठी बोलत होते. पुण्याच्या कितीतरी आधी. ह्यावर स्वतंत्र निबंध लिहीन.

दादा भिंतीवरून डोकावून विचारत होता, भाषण पाठ झालं का. हो म्हणालो. म्हणे, 'खणखणीत म्हण बरं. त्यो लय खणखणीत म्हणे.' तो म्हणजे कोण, हे विचारलं नाही. अजिबात विचारणार नाही.

२५ जानेवारी, रविवार

उद्या. सदऱ्याला इस्त्री झाली. निबंधाच्या तीन प्रती. दाढी सकाळी. मिशी थोडी वर वळवून पाहिली, घराण्याला शोभते.

२६ जानेवारी, सोमवार. दुपारी

लिहायचं नव्हतं. पण रोजनिशी माझी आहे, मला कोण अडवतं.

झेंडावंदन झालं, सभा भरली. शाळेच्या पटांगणावर सारं गाव, वरचं आणि खालचं. मी वाचायला उभा राहिलो. मिशीवर लोक हसले. हत्तीवर इतके हसले की मला थांबावं लागलं. मला वाटलं, शैली जमली. ग्रहणावर तर माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. सरपंच ज्योत्स्नाताई टेबलाखाली पाहत होत्या.

मग अखेरचे शब्द. 'हे दार माझे नाही' इथपर्यंत म्हटलं आणि पाणी प्यायला थांबलो. पाण्याचा पेला शोधत होतो तोच मागून आवाज आला. माईक नाही, काही नाही. 'हे दार साऱ्या गावाचे आहे.' पटांगणाच्या कुंपणावरचे कावळे उडाले. शेवटच्या रांगेत एक पांढऱ्या केसांचा माणूस उभा राहिला होता. उंच. हात असा पुढे केलेला. 'ज्याने ते कोणासाठी बंद केले, त्यानेच आता उघडावे!'

मोतीराम काठी टाकून उठला. म्हणाला, 'रणधीर आला रे.' द्वारकाबाई ओरडली, 'मिशी आणली का, पुंजाजी?' आणि मग जी शिट्टी वाजली ती सरदारांना वाजवत नाहीत.

पुंजाजी डोंगरदिवे. अकोल्याहून आला होता. मी गेलो नाही म्हणून तोच आला. मुलीने सांगितलं म्हणे, गावात कोणी रणधीरचा शोध घेत आहे.

नाटक. शाळेच्या गॅदरिंगचं नाटक, दादा शाळेत होता तेव्हाचं. गुरुजींनी लिहिलेलं. मिशी बकरीच्या केसांची होती, डिंक पातळ झाला. वन्स मोर मिळाला म्हणून सरदार दोनदा मेला. हत्ती पोत्यांच्या बारदान्याचा, बारदाना आमच्या घरचा, म्हणून हत्ती आमच्या घरचा. पुढचे पाय कोणाचे होते ते लक्षात नाही राहिलं, कारण तेवढ्यात दादा उठला, सगळ्या गावासमोर हात नाकापुढे धरून हलवला आणि म्हणाला, 'मागचे पाय म्या होतो.' अरे मग सोंड काहून हलवून राहिला होता इतके दिवस? मागच्या पायाले सोंड असते का?

संध्याकाळी

प्रमाण भाषा सुटली वरती एका जागी. खोडत नाही. राहू दे.

जेवलो नाही. आशाबाई ताट ठेवून समोर बसली. म्हणे, अंधार पडला म्हंजे लाईट गेली असंल, एवढं माह्यासारखीलेही समजलं असतं. मग म्हणे, 'तीस वर्सं लोकं खिडकीत येऊन तुमाले सांगत होते, लाईट गेली, लाईट गेली. तवाही तुमाले खरं वाटलं नाई.'

उत्तर सुचलं नाही. सुचलं की लिहीन.

२८ जानेवारी, बुधवार

सुचलं.

ठीक आहे, नाटक. पण गुरुजींनी ते कशावरून लिहिलं? हवेतून? त्यांच्या कानावर जुनी आख्यायिका आली असणार. म्हणजे माझा सिद्धांत पडलेला नाही, फक्त एक पायरी खाली सरकला आहे. पुंजाजीले फोन लावला. सरळ विचारलं, रणधीर हे नाव गुरुजींनी कोठून घेतलं?

पुंजाजी म्हणे, 'साडूचं नाव होतं नं त्यायच्या. साडूनं त्या वर्सी गुरुजीले सायकल देल्ली होती.'

मी फोन ठेवणार होतो. त्याने ठेवू दिला नाही. म्हणाला, उत्तमराव, एक गोष्ट तुमाले माहीत नसंल. नाटकाचं ठरलं तेव्हा आवाजापायी गुरुजींनी मला सरदार केलं. वरच्या आळीतले चारदोन जण शाळेत आले, म्हणे खालच्या पोराच्या डोक्यावर तुरा नको. सरदार रामरावाले करा, त्याची उंचीही चांगली आहे. गुरुजी गप्प बसले. रामराव उठला आणि म्हणाला, मले पाठांतर येत नाई, म्या हत्ती होतो. पुढचे पाय आधीच दुसऱ्याले देल्ले होते, म्हणून मागचे घेतले. दाराचं ते वाक्य गुरुजींनी त्या रात्री नवीन लिहिलं. पहिल्या रांगेत तेच लोक बसले होते. त्यांनीच वन्स मोर दिला.

दादाले पाठांतर येत नव्हतं हे साफ खोटं आहे. त्याले अजूनही पाढे येतात, तीसच्या पुढचे.

मी त्या साली चांदूर बाजारले मामाकडे शिकायले होतो. सुटीत आलो तवा कोणी काही सांगितलं नाही. मी विचारलंच नसंल. एवढं मोठं काही गावात झालं, साऱ्यायनं पाह्यलं, म्हाताऱ्यायले अजून तोंडपाठ आहे, अन् मीच तेवढा नोतो. ह्याचं मले किती वाईट वाटून राहिलं ते हे कागद सोडून कोणाले सांगणार नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

कमानीचा निकाल लागला. फाट्याकडून 'सुस्वागतम'. गावाकडून 'पुन्हा या'. संशोधक वगैरे काही नाही.

दुसरा ठराव असा की यंदाच्या गॅदरिंगले तेच नाटक पुन्हा करायचं. पुंजाजी सरदार. दादाचे गुडघे गेले, म्हणून हत्तीचे मागचे पाय मले देऊन राहिले होते. दादा म्हणे, घराण्यात आहे नं हत्ती. मी स्पष्ट नकार दिला. बारदान्यात संशोधक शिरत नसतो. मग ज्योत्स्नाताई म्हणाल्या, काका, तुमी लाईटीच्या खात्यातले, अंधार पडते त्या जागी मेन स्विच तुमी पाडा.

हे मान्य केलं. ही तांत्रिक जबाबदारी आहे, कोणीही करू शकत नाही. ग्रहण पुस्तकात लागलं नसंल, पळसगढीत लागणार. अन् मी लावणार.

संकल्प: एक सेकंद इकडं तिकडं होऊ द्यायचा नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार. रात्री जेवून

गॅदरिंग झालं. पटांगणात पाय ठेवायले जागा नोती. प्रियदर्शनी अमरावतीहून आली, बापाले तुरा तिनंच बांधला. मिशी यंदा बाजारातून आणली होती, पण द्वारकाबाईनं घरून पातळ डिंक करून आणला. म्हणे, तसंच झालं पायजे.

माही जागा पडद्याच्या मांगं, बोर्डापाशी. तिथून स्टेज दिसत नाही. मी विचारलं होतं बोर्ड हलवता येते का, तर नाही म्हणे. कागदावर खूण करून बसलो होतो. 'हे दार माझे नाही' झालं की पाडायचा. हात स्विचवर ठेवला. पुंजाजीनं 'हे दार' म्हटलं, अन् लाईट गेली.

मी पाडली नोती. खरी गेली. साऱ्या गावाची.

असा काळोख की आपला हात आपल्याले दिसंना. लेकरं रडली. अन् मग पुढून कोणीतरी हाक मारली, 'ओ उत्तमराव, लाईट कवा येते?' सारे हसले. तोंडातून आपोआप निघालं, 'येईल.' तीस वर्सं हेच सांगत आलो. पुढचे, असंही म्हणणार होतो.

पुंजाजी थांबला नाही. त्या अंधारात सारं वाक्य म्हटलं, माईक नसताना, अन् नदीपलीकडं गेलं असंल इतकं मोठ्यानं. मी बोर्डाले टेकून ऐकलं. डोयाले पाणी आलं, कोणाले दिसलं नाही. तेवढ्यात पुढच्या लोकायनं मोबाईलच्या बत्त्या लावल्या, अन् एकदम जो कल्ला झाला, शिट्ट्या, टाळ्या, म्हातारे खुर्च्यांवरून उठले. दादाचा आवाज सगळ्यात वर, 'पडली रे, पडली!'

मिशी पडली. पडद्याच्या मांगून मले काही दिसलं नाही. धावत गेलो तवर त्यानं ती लावून घेतली होती.

उद्या सकाळी मोतीरामले विचारायले जातो, कशी पडली ते. मधात एक शब्द बोलणार नाही.